सौभद्रातला राक्षस काढावा काय?

स्नेहसंमेलनाचे दिवस जवळ आले म्हणजे शाळेत नाटकाची चर्चा सुरू होते. ह्या वर्षी 'संगीत सौभद्र' ह्या नाटकातील काही प्रवेश बसवावेत असे ठरले, तेव्हा सर्वांनाच आनंद झाला. परंतु प्रवेशांची निवड करावयास बसताच एक सूचना पुढे आली, की नाटकातला राक्षस तेवढा वगळावा. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. विज्ञानाच्या युगात मुलांपुढे राक्षस आणणे बरे नव्हे, पालक हसतील, आणि आपल्या लहानशा रंगमंचावर तो शोभणारही नाही, अशी तीन कारणे त्यांनी दिली. कोपऱ्यात वही घेऊन बसलेल्या नववीतल्या एका मुलीने मात्र सहज विचारले, "पण सर, मग सुभद्रा अरण्यात येणार कशी?" त्या वेळी तिला कोणीच उत्तर दिले नाही. प्रश्न लहान होता, पण तो माझ्या मनातून जाईना. ह्या लेखाचे निमित्त तोच प्रश्न आहे.

ज्या विद्यार्थ्यांनी हे नाटक पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे. बळवंत पांडुरंग उर्फ अण्णासाहेब किर्लोस्कर ह्यांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आणले आणि मराठी संगीत नाटकाचा नवा काळ सुरू झाला. पाठोपाठ १८८२ साली त्यांचे 'सौभद्र' आले. कथा साधी, घरगुती आहे. सुभद्रेचे मन अर्जुनावर जडलेले आहे. परंतु वडीलबंधू बलराम तिचे लग्न दुर्योधनाशी ठरवतात. धाकटे बंधू श्रीकृष्ण बहिणीचे मन जाणतात, पण थोरल्या भावाचा उघड विरोध करीत नाहीत. ते गुप्तपणे सूत्रे हलवतात. त्यांच्याच योजनेने घटोत्कच सुभद्रेला उचलून अरण्यात नेतो, तिथे अर्जुन तिला सोडवतो, आणि पुढे तो यतीच्या वेषात द्वारकेत येऊन राहतो. बलराम त्या यतीची भक्तिभावाने सेवा करतात, बहिणीलाही सेवेस ठेवतात, आणि सारे प्रेक्षागृह हसते. शेवटी जे व्हावयाचे तेच होते आणि कोणाच्याही रक्ताचा थेंब न सांडता लग्न लागते.

आता ह्या कथेतला घटोत्कच काढावयाचा की ठेवावयाचा, हा वाद आहे. काढा म्हणणाऱ्यांची समजूत अशी दिसते, की राक्षस हा जुन्या भोळ्या काळाचा अवशेष आहे. पुराणात होता म्हणून नाटकात आला. तो गाळला की आत मूळची मानवी कथा स्वच्छ उरेल. ही समजूत मुळातच चुकीची आहे. महाभारताचे आदिपर्व काढून पाहावे. तेथे सुभद्रेचे हरण आहे, पण राक्षस नाही. रैवतक पर्वतावरच्या उत्सवात अर्जुन सुभद्रेला पाहतो. स्वयंवरात ती कोणाला वरील ह्याचा भरवसा नाही, तेव्हा बळाने हरण कर, असा सल्ला श्रीकृष्णच देतात. आणि अर्जुन तिला रथात घालून निघतो. यादव शस्त्रे सरसावतात, बलराम संतापतात, श्रीकृष्ण त्यांची समजूत घालतात. ह्या साऱ्या प्रकारात सुभद्रेला काय हवे हे कोणी विचारीत नाही. यतीवेषाची गोष्ट भागवताच्या दशम स्कंधात येते. आदिपर्वातल्या हरणात जो राक्षस नव्हता तो 'सौभद्र' नाटकाच्या हरणात आहे. तेव्हा राक्षस नको असलेली मानवी कथा किर्लोस्करांच्या हाताशी तयारच होती. त्यांनी ती घेतली नाही.

का घेतली नाही? नाटक ध्यानपूर्वक वाचले म्हणजे माझ्या मते ह्याचे उत्तर सापडते. व्यासांच्या कथेत स्त्रीला उचलून नेणारा आणि तिचा होणारा पती हा एकच पुरुष आहे. किर्लोस्करांच्या नाटकात ही दोन कामे दोघांकडे गेली आहेत. उचलून नेण्याचे काम राक्षसाकडे आणि सोडवण्याचे काम अर्जुनाकडे. सुभद्रेचे मन अर्जुनाकडे आधीच गेलेले असल्यामुळे तिच्या इच्छेविरुद्ध तो तिला पळवतो आहे असे प्रेक्षकाला वाटण्याचा प्रसंगच येत नाही. अरण्यात तो तिच्यापुढे येतो तो रक्षणकर्ता म्हणून. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, जेव्हा मुलीचे मन विचारून लग्न ठरवण्याची रीत घराघरांत नव्हती, तेव्हा ज्या नाटकाच्या केंद्रस्थानी मुलीचे मन आहे असे हे नाटक शोभिवंत रीतीने उभे राहिले. आणि ते उभे राहण्यास त्या राक्षसाचा खांदा लागला आहे.

शिवाय हा राक्षस आहे तरी कोण? भीमाचा मुलगा, म्हणजे अर्जुनाचा पुतण्या! ज्याला पाहून सुभद्रा घाबरते तो तिचा होऊ घातलेला पुतण्या आहे, हे कळल्यावर प्रेक्षकाच्या मनातली भीती मावळते आणि तिची जागा हसू घेते. ह्यामागेही एक इतिहास आहे. विष्णुदास भावे ह्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केले, तेव्हापासून पौराणिक खेळांत राक्षसांची टोळी आरडाओरड करीत, तलवारी परजीत रंगभूमीवर येई. त्या आरोळ्यांवरून अशा खेळांना पुढे थट्टेने 'अललडुर्र' नाटके म्हणू लागले. किर्लोस्करांनी त्या आरोळ्या बंद केल्या, पण राक्षसाला घालवून दिले नाही. त्यांनी त्याला घरात घेतले, त्याला नाते दिले आणि काकांच्या लग्नाच्या कामाला लावले. राक्षसाची जी सुधारणा करावयाची ती एका थोर नाटककाराने १८८२ सालीच करून ठेवली आहे.

हे काम करणारा राक्षस काढून टाकला तर काय उरते, हे पाहण्यासाठी आपल्या पांढुर्ण्याच्या विद्यार्थ्यांना दूर जावे लागणार नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात जी गोटमार होते तिची आख्यायिका सर्वांना ठाऊक आहे. पांढुर्ण्याच्या तरुणाने सावरगावच्या मुलीला पळवून आणले; नदी ओलांडताना दोन्ही तीरांवरचे लोक चवताळले; गोटे सुटले; आणि ती दोघे पात्रातच मरण पावली, असे सांगतात. आजही नदीत पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात, दोन्ही काठांवरून गोटे फेकले जातात, आणि शेवटी तो झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो. दर वर्षी शेकडो माणसे जखमी होतात; कित्येक घरांतली माणसे ह्या गोटमारीत गेली आहेत. प्रशासनाने रबरी चेंडू देऊन पाहिले, पण गोटे थांबले नाहीत.

सौभद्राची कथा आणि जामकाठची कथा ह्या मुळात एकच नाहीत काय? एका मुलीला एक तरुण हवा आहे, तिच्या घरच्यांना तो नको आहे, आणि नेण्यासाठी कोणीतरी येते. फरक एवढाच, की जामकाठच्या कथेत मधे कोणी घटोत्कच नाही, सूत्र हलवणारा कोणी श्रीकृष्ण नाही. ती कथा अगदी 'वास्तव' आहे, आणि म्हणूनच ती गोट्यांनी संपते. चमत्कार काढून टाकला म्हणजे कथा आपोआप अधिक खरी व अधिक सुसंस्कृत होते असे ज्यांना वाटते, त्यांनी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पुलावर उभे राहून पाहावे. सौभद्रातला चमत्कार म्हणजे वास्तवापासून पळ काढणे नव्हे. ह्या प्रसंगातून रक्त न सांडता बाहेर पडता येते, भावाचा मान राखूनही बहिणीचे मन राखता येते, हे दाखवण्याची ती एक युक्ती आहे. आपल्या गावात तर ही युक्ती मुलांना दिसलीच पाहिजे.

आता 'शाकुंतला'कडे वळू. तेथे दुर्वासांचा शाप आहे आणि अंगठी गिळणारा मासा आहे. हेही काढावेत असे कोणी म्हणेल. परंतु येथेही गोष्ट तशीच आहे. महाभारतातल्या शकुंतलोपाख्यानात शाप नाही, अंगठीही नाही. तेथे दुष्यंत राजाला सर्व काही आठवत असते आणि तरीही भर सभेत तो पत्नीला व पुत्राला ओळखत नाही म्हणतो. आकाशवाणी झाल्यावर मान्य करतो. कालिदासाने शाप आणि अंगठी आणली, म्हणून त्याचा दुष्यंत खोटारडा न ठरता दुर्दैवी ठरला, आणि स्मृती परत आल्यावरचा त्याचा पश्चात्ताप आपल्याला खरा वाटतो. आणखी एक गोष्ट विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. अंगठी माशाच्या पोटात सापडते म्हणूनच राजवाड्यांच्या व आश्रमांच्या त्या नाटकात एक गरीब कोळी येतो. राजाची अंगठी चोरल्याच्या आळाने शिपाई त्याला बांधतात, दरडावतात, मारण्याची भाषा करतात. साऱ्या नाटकातला हा सर्वांत रोखठोक, रस्त्यावरचा प्रसंग. आणि तो आला कोणामुळे? त्या अद्भुत अंगठीमुळे. अंगठी काढा, की कोळीही गेला. अद्भुत आणि वास्तव ही इतकी एकमेकांत विणलेली असतात, की एक धागा ओढावा तर दुसरा तुटतो.

हा वाद केवळ आपल्या देशातला आहे असे समजू नये. अमेरिकेत १९६० साली 'कॅमलॉट' नावाची एक संगीतिका रंगभूमीवर आली. इंग्लंडच्या दंतकथेतला आर्थर राजा, त्याची राणी आणि त्याचे सरदार ह्यांची ती कथा. तीत मर्लिन नावाचा जादूगार आहे. २०२३ साली न्यूयॉर्कच्या लिंकन सेंटरमध्ये तिचे पुनरुज्जीवन झाले. ॲरन सॉर्किन ह्या नामांकित लेखकाने संवाद नव्याने लिहिले आणि जादू काढून टाकली. मर्लिन केवळ शहाणा गुरू उरला, आणि मॉर्गन ल फे ही मायाविनी शास्त्रज्ञ झाली. लेखकाचा हेतू उदात्त होता. माणसांनी आपले राज्य आपल्याच बुद्धीने व न्यायाने चालवावे, जादूच्या आधाराने नव्हे, हे त्याला दाखवावयाचे होते. तरी टीकाकारांत मतभेद झाले, आणि काहींना संवादांचे व जुन्या गाण्यांचे सूर जुळलेले वाटले नाहीत. मला ह्यात नवल वाटत नाही. माणूस बोलता बोलता गाऊ लागतो हाच संगीत नाटकातला पहिला चमत्कार आहे. अर्जुन अरण्यात विरहाने व्याकुळ होऊन ताना घेतो ते ज्याला पटते, त्याला राक्षस पटू नये, ह्याला काय म्हणावे? गाणे ठेवून राक्षस काढणारा मनुष्य पुरणपोळीतले पुरण काढून तिला पोळी म्हणतो.

येथे विरुद्ध पक्षाला न्याय दिला पाहिजे. पुराणकथांकडे माणसांच्या कथा म्हणून पाहण्याचा मार्ग मराठीत आहे आणि तो थोरांचा मार्ग आहे. इरावती कर्वे ह्यांच्या 'युगान्त' ह्या ग्रंथाने महाभारतातल्या व्यक्तींकडे माणसे म्हणून पाहिले, आणि १९६८ सालच्या साहित्य अकादमी पुरस्काराने त्याचा गौरव झाला. वसंत कानेटकरांनी १९६४ साली 'मत्स्यगंधा' लिहून सत्यवतीच्या जीवनाचा मानवी अर्थ शोधला, आणि जितेंद्र अभिषेकींच्या संगीताने ते नाटक घरोघरी पोहोचले. परंतु ह्या दोघांनी काय केले पाहा. त्यांनी नवी कृती लिहिली, तिला नवे नाव दिले आणि तिच्या गुणदोषांची जबाबदारी स्वतःच्या शिरावर घेतली. कर्व्यांनी व्यासांच्या पोथीतले श्लोक खोडले नाहीत. ज्यांना राक्षसाविना सुभद्रेची कथा सांगावयाची असेल त्यांनीही तसेच करावे. आम्ही ते नाटक आनंदाने पाहू. किर्लोस्करांच्या नावाची पाटी मात्र त्यावर लावू नये.

ह्याचा अर्थ जुन्या नाटकाला हातच लावू नये असा मुळीच नाही. 'शाकुंतला'त सुमारे दोनशे पदे होती, 'सौभद्रा'त शंभराहून अधिक. रात्रभर चालणारे ते प्रयोग आज दोन-तीन तासांत बसवावयाचे तर पदे गाळावीच लागतात, आणि मंडळ्या ती गाळीत आल्याच आहेत. लांबी कमी करणे वेगळे आणि सांधा काढणे वेगळे. झाडाच्या वाढलेल्या फांद्या छाटल्याने संत्र्याची बाग सुधारते, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. पण छाटणीच्या नावाखाली तो बुंध्याला हात लावीत नाही. नाटकातली एखादी अद्भुत गोष्ट गाळण्यापूर्वी एवढेच विचारावे, की ती येथे काय काम करते? काहीच करीत नसेल तर खुशाल गाळावी. काम करीत असेल तर ते काम पुढे कोण करणार, ह्याचे उत्तर मिळेपर्यंत कात्री खाली ठेवावी.

राहता राहिला अंधश्रद्धेचा आक्षेप. तो गंभीर आहे आणि शाळेने तर तो हसण्यावारी नेऊच नये. भूतबाधेच्या नावाने गरिबाला लुबाडणारे आजही आहेत. महाराष्ट्रात २०१३ साली त्यांच्याविरुद्ध कायदा करावा लागला. परंतु भोंदू आणि नट ह्यांत एक मोठा फरक आहे. भोंदू म्हणतो, "हे खरे आहे, पैसे ठेव." नट म्हणतो, "हे नाटक आहे, तीन तास बस." पडदा पडल्यावर घटोत्कच मिशा उतरवून बाहेर येतो आणि आपल्याबरोबर चहा पितो. मुलांना हा फरक आपण समजतो त्याहून चांगला कळतो. सौंसरजवळच्या जामसावळीला पिंपळाखाली निजलेल्या हनुमंताच्या दर्शनाला जाणारा शेतकरी परत येताना संत्र्याचा बाजारभाव मोबाइलवर पाहतो आणि मातीचा नमुना परीक्षेला पाठवतो. भक्ती, हिशेब आणि गंमत ह्यांना मनात वेगवेगळे कोनाडे असतात. जो मुलगा रंगमंचावरचा राक्षस ओळखायला शिकतो, त्याला रस्त्यावरचा खोटा चमत्कारही ओळखता येण्याची आशा अधिक. ज्याने खेळातला राक्षस कधी पाहिलाच नाही तो खऱ्या ढोंग्याला फसण्याचा संभव आहे.

रंगमंच लहान आहे, साधने अपुरी आहेत, हेही कारण टिकण्यासारखे नाही. विदर्भाच्या दंडारीत कागदाचा मुखवटा आणि ढोलकीची थाप एवढ्यावर रावण उभा राहतो, आणि आईच्या कुशीतले मूल डोळे विस्फारून पाहते. अगदी अलीकडचे उदाहरण हवे असेल तर 'संगीत देवबाभळी' पाहा. २०१७ साली रंगभूमीवर आलेल्या प्राजक्त देशमुखांच्या ह्या नाटकात तुकोबांची आवली आहे, तिच्या पायात रुतलेला काटा काढणारा विठ्ठल आहे, आणि तिची शुश्रूषा करण्यासाठी वेष पालटून आलेली रुक्मिणी आहे. रंगमंचावर केवळ दोन स्त्रिया. मोबाइल हातात घेऊन वाढलेल्या पिढीने हे नाटक डोक्यावर घेतले, आणि २०२० साली त्याला साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला. देव काढून टाकून आवलीचे दुःख सांगता आले असते. पण मग रुक्मिणीपुढे तिने केलेली तक्रार कोणी ऐकली असती?

शेवटी आपल्या भागाचा विचार करतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भाचे जिल्हे एका बाजूला गेले आणि आपण मध्यप्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा जिल्हा झाला, तरी घरातली भाषा मराठीच आहे. पुण्या-मुंबईच्या मुलाला सौभद्राचा प्रयोग आज नाही तर पुढच्या वर्षी पाहावयास मिळेल. एका मंडळीने राक्षस गाळला तरी दुसरी तो दाखवील. आपल्या मुलांचे तसे नाही. येथे शाळेच्या मांडवात जे सौभद्र होईल, तेच पुष्कळांच्या आयुष्यातले पहिले आणि कदाचित एकमेव सौभद्र असेल. आपण त्यांना जे देऊ तेच त्यांच्यापाशी राहणार. म्हणून ते अपुरे देण्याचा अधिकार आपल्याला नाही.

विद्यार्थी मित्रहो, नाटक बसवताना राक्षसाची भूमिका कमी प्रतीची मानू नका. गळा बेताचा पण छाती भरदार असा एखादा मुलगा दरवर्षी पडदा ओढण्याच्या कामावर नेमला जातो. त्याला ह्या वर्षी पुढे येऊ द्या. त्याने गर्जना करावी, पहिल्या रांगेतल्या लहान मुलांनी किंचाळावे, आणि तो अर्जुनाचा पुतण्या आहे हे कळल्यावर साऱ्या मांडवाने मनमुराद हसावे. आणि नववीतल्या त्या मुलीला उत्तर द्यावयाचे राहून गेले होते, ते आता देतो. बाळ, तुझा प्रश्न बरोबर होता. राक्षसावाचून सुभद्रा अरण्यात येऊ शकत नाही. आणि आली, तर ती कोणाच्या तरी बळजबरीनेच येईल. म्हणून राक्षस राहील.